बुलेटचं टायमिंग लावलं तरी पुन्हा हलतं? प्लेट फिरवण्याआधी हे बघा

बुलेटवाल्यांची ठरलेली तक्रार: टायमिंग (प्लगला ठिणगी नेमकी कधी पडते ते) लावून घेतलं, आठवडाभर गाडी मस्त पळाली आणि मग परत पहिले पाढे पंचावन्न. किक उलटी येते, नाहीतर गाडी बसलेली वाटते. मेकॅनिककडे नेली की तो उजव्या बाजूचं गोल झाकण काढतो, आतली, पॉइंट (करंट जोडणारी-तोडणारी दोन टोकं) बसवलेली प्लेट जराशी फिरवतो, दोन किक मारतो, कान देऊन ऐकतो आणि म्हणतो, "घ्या साहेब, झालं." तेवढ्यापुरतं होतंही. पंधरा दिवसांनी गाडी पुन्हा त्याच्या दारात.

टायमिंग आपणहून हलत नाही. आत काहीतरी झिजतंय, सैल झालंय किंवा अडकतंय, आणि दर वेळी प्लेट फिरवून आपण ते झाकून टाकतो. त्यामुळे या लेखात टायमिंग कसं लावायचं हे उशिरा येईल. ते का हललं हे आधी.

मी बोलतोय ते जुन्या कास्ट आयर्न इंजिनाच्या, पॉइंटवाल्या ३५० बुलेटबद्दल. ७० मिमी बोअर, ९० मिमी स्ट्रोक, ३४६ सीसी. मद्रास मोटर्सने इंग्लंडातल्या रेडिचच्या रॉयल एन्फिल्ड कंपनीशी भागीदारी करून १९५५ मध्ये एन्फिल्ड इंडिया काढली. पुढे इंग्लंडातली कंपनी बंद पडली, पण इथे हेच इंजिन थोड्याफार फरकाने एकविसावं शतक उजाडेपर्यंत बनत राहिलं. याचा आपल्याला फायदा म्हणजे पार्ट मिळतात. तोटा असा की एकाच गाडीत तीन वेगवेगळ्या दशकांचे पार्ट सापडतात: प्लेट एका जमान्याची, पॉइंट दुसऱ्या, कंडेन्सर तिसऱ्याच बनावटीचा. इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या बुलेटला यातलं बरंचसं लागू नाही.

एक गोष्ट डोक्यात पक्की बसली पाहिजे. या इंजिनात ठिणगी पॉइंट उघडताना पडते. पॉइंट मिटलेले असताना कॉइलमधून करंट वाहतो, शाफ्टवर फिरणाऱ्या कॅमचा उंचवटा पॉइंटच्या फायबरला ढकलतो, पॉइंट सुटतात आणि त्या क्षणी प्लगला ठिणगी मिळते. म्हणून गॅप (उघड्या टोकांमधलं अंतर) वाढला की पॉइंट लवकर सुटतात, टायमिंग पुढे जातं, म्हणजे अडव्हान्स होतं. गॅप कमी झाला की पॉइंट उशिरा सुटतात आणि टायमिंग मागे पडतं, म्हणजे रिटार्ड होतं. प्लेटला हातही न लावता नुसत्या गॅपने टायमिंग बदलतं. तरीही टायमिंग आधी लावून गॅप नंतर "जरा नीट करणारे" महाभाग भेटतातच. असं केलं की आधीची सगळी मेहनत पाण्यात.

लक्षणं ओळखा

टायमिंग पुढे गेलं असेल तर किक उलटी मारते, कधी कधी पोटरीवर चांगलाच प्रसाद मिळतो. घाटात टॉप गिअरमध्ये थ्रॉटल उघडला की आतून खडखड ऐकू येते. मागे पडलं असेल तर किक मऊ लागते आणि गाडी चालूही होते, पण पिकअप नसतो. खंबाटकीच्या चढात तिसरा टाकावा लागतो, इंजिन नको तितकं तापतं, सायलेन्सरच्या बेंडपाइपचं क्रोम निळं पडतं, थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटाके वाजतात.

फटाके मात्र कार्ब्युरेटरच्या जोडातून किंवा सायलेन्सरच्या जोडातून हवा शिरली तरी वाजतात. बॅटरी मेलेली असेल तर ठिणगी अशक्त होते आणि सगळी लक्षणं टायमिंगसारखीच दिसतात, कारण या गाडीचं इग्निशन बॅटरीवर चालतं. तेव्हा आधी बॅटरीचे टर्मिनल घासा, घट्ट करा आणि इग्निशन चालू करून अँमीटरचा काटा हलतो का ते बघा. हे पाच मिनिटांचं काम टाळून लोक थेट प्लेटकडे धावतात.

काहीही सैल करण्याआधी मोजून घ्या

खरं निदान इथे आहे. गाडी बिघडलेल्या अवस्थेत असतानाच दोन गोष्टी बघायच्या: गॅप किती आहे आणि टायमिंग कुठे आहे. ते कुठे असायला हवं, तेही आधी सांगून टाकतो. गॅप ०.३५ ते ०.४० मिमी. टायमिंग, म्हणजे पॉइंट सुटण्याची जागा, पिस्टन वरच्या टोकाला पोचायच्या ०.८ मिमी आधी. अडव्हान्सची वजनं (वेग वाढला की टायमिंग पुढे नेणारी) मिटलेल्या स्थितीत, इंजिन बंद असताना मोजायचं.

गॅप कमी झालाय आणि टायमिंग मागे पडलंय, तर फायबर झिजतोय. गॅप वाढलाय आणि टायमिंग पुढे गेलंय, तर पॉइंटची टोकं जळतायत किंवा पॉइंटचा स्क्रू सरकलाय. गॅप जसाच्या तसा आणि टायमिंग हललंय, तर प्लेट सरकलीये किंवा कॅमचा भाग शाफ्टवर फिरलाय. आणि गॅप दर वेळी वेगळा येत असेल, एकदा ०.३५, लगेच पुन्हा मोजला तर ०.४५, तर शाफ्टच्या बुशकडे (शाफ्ट ज्यात फिरतो त्या नळीकडे) बोट आहे. मेकॅनिकने आधीच प्लेट फिरवलेली असेल तर हा पुरावा पुसला गेलेला असतो. मग पुढच्या वेळी बिघडेपर्यंत थांबा, आणि त्या वेळी स्वतः झाकण उघडा.

फायबर

दहातल्या बऱ्याच गाड्यांमध्ये दोष इथेच निघतो. पॉइंटच्या हलत्या पानाला एक तपकिरी फायबरचा तुकडा असतो, तो सतत कॅमवर घासतो. कॅम कोरडा असेल तर तो झपाट्याने झिजतो. झाकण उघडल्यावर प्लेटवर तपकिरी, तांबूस भुकटी दिसली तर समजायचं. बोटावर घेऊन बघा, कोरडी, मऊ पूड लागते. काळी आणि तेलकट असेल तर ती वेगळी गोष्ट, मग आतून तेल वर येतंय आणि सील किंवा बुशचा विचार करावा लागतो.

उपाय म्हणजे कॅमवर ग्रीसचा अगदी पातळ हात. तांदळाच्या दाण्याएवढं ग्रीस पुरतं. जास्त लावलं तर ते उडून पॉइंटच्या टोकांवर बसतं आणि मिसिंग सुरू होतं. फेल्टचा तुकडा असेल तर त्यावर इंजिन ऑइलचे एक-दोन थेंब. बऱ्याच गाड्यांत तो फेल्ट केव्हाच गायब झालेला असतो, कुणी परत बसवत नाही.

कॅमवर बोट फिरवा. गंज किंवा ओरखडा लागला तर तो फायबरला कानशीसारखा खातो, आणि ग्रीस लावूनही उपयोग नाही. बारीक पॉलिश पेपरने गंज काढा, ओरखडा खोल असेल तर कॅम बदला. दुसरं म्हणजे पॉइंटची बनावट. स्वस्तातल्या काही पॉइंटचा फायबर इतका मऊ असतो की नखाने खरवडला जातो. पुण्यात नाना पेठेत एकाच काउंटरवर दोन-तीन बनावटींचे पॉइंट मिळतात आणि किमतीत फरकही फार नसतो. दुकानातच नख लावून बघायला लाजू नका.

जळणारी टोकं

इंजिन चालू असताना झाकण काढून अंधारात बघा. टोकांमध्ये बारीक निळसर चमक चालते. मोठी, पिवळसर-पांढरी, तडतडणारी ठिणगी दिसली तर कंडेन्सर संपलेला आहे. त्याचं काम पॉइंट उघडताना येणारा झटका पिऊन घ्यायचं. तो नीट नसेल तर टोकं जळतात, एका बाजूला खड्डा पडतो, समोरच्या बाजूला टेकडी उभी राहते.

ही टेकडी फिलर गेजला (गॅप मोजायच्या पात्याला) फसवते. गेजचं पातं टेकडीच्या माथ्यावर टेकतं आणि गॅप ०.३५ दाखवतं, प्रत्यक्षात बाकीच्या पृष्ठभागावर तो त्याहून बराच जास्त असतो. गॅप बरोबर असूनही टायमिंग पुढे दिसतं आणि माणूस चक्रावतो. टोकं घासायची तर पॉइंट काढून, बारीक तेलदगडावर, दोन्ही पृष्ठभाग समांतर ठेवून. गाडीवर असतानाच दोन टोकांत पॉलिश पेपर घालून ओढला की पेपरचे कण आत राहतात, शिवाय टोकं गोल होतात. घासल्यावर पेट्रोलच्या फडक्याने पुसा. खड्डा खोल असेल तर पॉइंट आणि कंडेन्सर दोन्ही एकदमच बदला. जुन्या कंडेन्सरवर नवा पॉइंट घातला तर महिन्याभरात तोही तसाच जळतो, आणि दोष "डुप्लिकेट माला"वर जातो.

इंजिन गार असताना ठीक आणि तापल्यावर मिसिंग, असं होत असेल तर टायमिंगला हातच लावू नका. बहुतेक वेळा कंडेन्सर नाहीतर कॉइल.

प्लेट, शाफ्ट आणि वजनं

प्लेटचे दोन स्क्रू वर्षानुवर्षं चुकीच्या मापाच्या स्क्रू ड्रायव्हरने फिरवलेले असतात. डोकी गोल झालेली, आटे मेलेले. घट्ट केल्यासारखे वाटतात, पण इंजिनाच्या थरथरीने प्लेट हळूहळू सरकते. नवे स्क्रू, खाली स्प्रिंग वॉशर, आणि घराचे (प्लेट ज्यात बसते त्याचे) आटे गेले असतील तर ते नीट करून घ्या. टायमिंग लावून झालं की प्लेटवर आणि घरावर मिळून एक बारीक रेघ ओरखडून ठेवा. पुढच्या वेळी झाकण उघडल्यावर रेघ जुळते की नाही, एवढ्यावरून प्लेट निर्दोष आहे का ते कळतं.

प्लेट खाचेच्या अगदी टोकाला नेऊनसुद्धा टायमिंग जुळत नसेल तर मामला खोल आहे. कॅमचा भाग शाफ्टवर फिरलेला असतो, किंवा इंजिन खोललं तेव्हा टायमिंग कव्हरच्या आतल्या गिअरचा दात चुकवून बसवलेला असतो. खाच कानशीने लांबवून काम भागवलेल्या प्लेटही मी पाहिल्या आहेत. कृपया करू नका.

शाफ्ट तपासायला कॅम दोन बोटांत धरून आडवा हलवा. हालचाल जाणवली तर पॉइंट उघडे असताना गॅपमध्ये फिलर गेज घालून पुन्हा हलवा. पातं कधी घट्ट, कधी सैल लागलं तर बुश गेलं. बुश गेलेल्या गाडीचं टायमिंग प्रत्येक फेरीला वेगळं असतं, ते लावणं म्हणजे पाण्यावर रेघ ओढणं. टर्नरकडून बुश बसवून घेणं किंवा पूर्ण युनिट बदलणं, दुसरा इलाज नाही. मेकॅनिक हे सांगायचं टाळतो, कारण तासाभराच्या कामाचे पैसे कुणी कुरकुर न करता देत नाही, प्लेट फिरवायचे मात्र देतात.

उरली अडव्हान्सची वजनं. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात, कॅमला पुढे फिरवतात आणि टायमिंग अडव्हान्स होतं. कॅम त्याच्या फिरण्याच्या दिशेने बोटांनी पिळा आणि सोडा. टकन जागेवर आला पाहिजे. आळसावून, अर्धवट परत येत असेल तर पिना वाळलेल्या आहेत किंवा स्प्रिंग ढिल्या. मग इंजिन बंद होताना कॅम कधी इथे थांबतो, कधी तिथे, आणि तुम्ही ज्याला बंद स्थिती समजून ०.८ लावता ती बंद स्थितीच नसते. सकाळची पहिली किक नीट आणि पेट्रोल पंपावर थांबून पुन्हा मारलेली किक उलटी, असं होत असेल तर आधी इथे बघा. काढून पेट्रोलने धुवा, पिनांना थेंबभर तेल द्या, स्प्रिंग जोडीने बदला. एक नवी, एक जुनी नको.

आता टायमिंग

कारण सापडलं, दुरुस्त केलं, गॅप लावला. त्यानंतरच हे करायचं.

प्लग काढा, गाडी टॉप गिअरमध्ये टाका, मेन स्टँडवर मागचं चाक हाताने फिरवा. कम्प्रेशनचं वरचं टोक हवं, एक्झॉस्टचं नाही. टॅपेटचं झाकण उघडून दोन्ही पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) बोटांनी फिरवून बघा. दोन्ही मोकळे फिरले तर जागा बरोबर. चुकून एक्झॉस्टच्या टोकाला असाल तर पॉइंट उघडणारच नाहीत, कारण कॅमचा शाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो आणि ठिणगी दोन फेऱ्यांत एकदाच पडते.

याच निम्म्या वेगामुळे प्लेट एक अंश हलवली की क्रँकवर दोन अंशांचा फरक पडतो. मेकॅनिक "जराशी" फिरवतो ती जराशी किती मोठी असते, ते यावरून समजेल. ०.८ मिमी म्हणजे क्रँकवर साधारण नऊ-दहा अंश. प्लेटवर हे सगळं अंतर जेमतेम पाच अंशांत येतं.

मोजायचं कशाने? सायकलचा स्पोक प्लगच्या भोकात घालून खूण करणं ही सगळीकडची रीत. बुलेटचा प्लग तिरका बसतो, त्यामुळे स्पोकही तिरका जातो आणि पिस्टनच्या खऱ्या हालचालीपेक्षा जास्त सरकतो. स्पोकवर ०.८ दिसलं तर पिस्टन त्याहून कमी खाली आहे, म्हणजे टायमिंग थोडं मागे लागतं. रस्त्यात अडकलात तर स्पोक चालेल. घरी करताना डावं प्रायमरी कव्हर काढून क्रँकच्या टोकाला अंशांची चकती लावणं सगळ्यात खात्रीचं. कव्हर एकाच नटावर असतं, पण खाली ट्रे ठेवा, आतलं तेल बाहेर येणारच. क्लच प्लेट बदलायच्या वेळीच हे उरकलं तर दोन कामं एकात होतात.

चकती लावली तरी वरचं टोक नजरेने ठरवू नका. टोकाजवळ क्रँक दोन-तीन अंश फिरला तरी पिस्टन हलल्याचं जाणवतही नाही. जुन्या प्लगच्या सांगाड्यात गोल टोकाचा बोल्ट बसवून तो प्लगच्या जागी लावा, पिस्टन त्याला अलगद टेकेपर्यंत चाक पुढे फिरवा, चकतीवर खूण करा. मग उलट्या बाजूने टेकवा, दुसरी खूण करा. दोन खुणांचा मध्य हेच खरं टोक. हे हातानेच करायचं. किकला पाय लावलात तर पिस्टनला भोक पडेल.

बोल्ट काढा. आता चाक मागे फिरवून ०.८ च्या बरंच मागे जा आणि मग पुढे येत त्या जागी थांबा. पुढे निघून गेलात तर तिथूनच मागे आणू नका, पुन्हा लांब मागे जाऊन पुढे या. गिअरच्या दातांत ढिलाई असते, ती नेहमी एकाच बाजूला दाबलेली राहिली पाहिजे.

पॉइंट नेमका कधी सुटतो ते बघायला १२ व्होल्टचा छोटा बल्ब घ्या, एक वायर पॉइंटच्या टर्मिनलला, दुसरी इंजिनाच्या बॉडीला. इग्निशन चालू. पॉइंट मिटलेले असताना बल्ब बंद राहतो, सुटले की पेटतो. प्लेटचे स्क्रू सैल करून, बल्ब पेटण्याच्या काठावर येईल अशी ती फिरवा. कॅम ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने प्लेट नेली तर टायमिंग मागे जातं, उलट दिशेने नेली तर पुढे. अँमीटरचा काटा मध्यावर येण्यावरूनही कळतं, पण काटा सुस्त असतो. किक मारण्याआधीची जागा शोधायला तो उत्तम, टायमिंगला बल्बच घ्या. पॉइंट मिटलेले ठेवून इग्निशन चालू सोडून चहाला जाऊ नका, कॉइल तापते.

स्क्रू घट्ट करताना प्लेट किंचित ओढली जातेच. म्हणून घट्ट केल्यावर चाक मागे नेऊन पुन्हा पुढे आणा आणि बल्ब त्याच जागी पेटतो का ते तपासा. नसेल तर परत.

आवाजासाठी टायमिंग मागे घेणारे

संथ "डग डग" आवाज हवा म्हणून टायमिंग मुद्दाम मागे घ्यायची आणि आयडल इतकं खाली आणायची फॅशन आहे की दोन ठोक्यांमध्ये माणूस श्वास घेईल. आवाज छान येतो, नाकारत नाही. पण या इंजिनाच्या ऑइल पंपाचा वेग इंजिनाच्या वेगावरच ठरतो, आयडल जितकं खाली तितकं तेल कमी. वर मागे पडलेल्या टायमिंगने हेड तापतं. सिग्नलला लोकांनी वळून बघावं म्हणून ही किंमत मला पटत नाही. ज्याला पटते त्याने निदान "माझं टायमिंग हलतं" अशी तक्रार करू नये.

चालवून बघा

प्लग लावा, गाडी गरम करा आणि ओळखीच्या चढावर न्या. टॉपमध्ये ४०-४५ च्या वेगात थ्रॉटल हळूहळू उघडा. खडखड न होता ओढली तर ठीक. पूर्ण थ्रॉटलला बारीक खडखड येत असेल तर प्लेट केसभर मागे घ्या, पण त्याआधी हेडवर साचलेल्या कार्बनचाही विचार करा. बऱ्याच किलोमीटरच्या न खोललेल्या इंजिनात टायमिंग बरोबर असूनही खडखड येते.

नवा पॉइंट घातला असेल तर त्याचा फायबर सुरुवातीला कॅमशी जुळवून घेताना थोडा झिजतोच. ५०० किमीला झाकण उघडून गॅप पुन्हा मोजा, कमी झाला असेल तर सारखा करा आणि बल्ब लावून टायमिंग तपासा. प्लेटवरची रेघ जुळत असेल, गॅप ०.३५ ला असेल आणि तपकिरी भुकटी नसेल, तर झाकण लावून टाका आणि पुढचे ३,००० किमी त्याला हात लावू नका.